पडद्यावरचा मुंजा आणि पिंपळाखालचा

जून २०२४ मधली गोष्ट. शाळा उघडायला आठवडा उरला होता, जळगावचे ऊन अजून उतरले नव्हते आणि बारा वर्षांच्या नातवाने 'आबा, मुंज्या बघायला चला' असा धोशा लावला होता. मी धुळ्याचा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. लेक जळगावात दिली आहे. सुट्टीत चार-सहा दिवस तिच्याकडे राहायचे, दुपारी नातवाला घेऊन सिनेमाला जायचे आणि रात्री त्यावर वाद घालायचा, हा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. त्याला 'ॲव्हेंजर्स' तोंडपाठ, मला रामसे बंधू. कोणाचे भूत अधिक भयंकर आणि कोणाचा वीर अधिक ताकदवान, यावर घरातली मंडळी कंटाळून झोपायला जाईपर्यंत आमची जुगलबंदी चालते.

तर आम्ही गेलो. थिएटर भरलेले. पडद्यावर कोकणातले एक गाव, साल १९५२, गोट्या नावाचा मुलगा. मुंज झालेली, वयाने मोठ्या मुलीवर जीव जडलेला. तिला मिळवण्यासाठी रात्री झाडाखाली अघोरी विधी मांडतो आणि तिथेच जीव गमावतो. त्याचा मुंजा होतो. पुढे दोन पिढ्यांनंतर हा मुंजा, म्हणजे दात विचकणारा, संगणकावर घडवलेला एक टिचभर प्राणी, 'माझे लग्न लावून द्या' म्हणून लोकांच्या मानगुटीवर बसतो. थिएटर हसत होते, किंचाळत होते, पुन्हा हसत होते. नातू माझा दंड धरून हसत होता. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "ओ भो, खाली बसा ना!" तेव्हा मला कळले की मी उठून उभा राहिलो आहे. का उठलो, हे त्या क्षणी मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

आमच्या घरात एक मुंजा होता.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. अकराव्या वर्षी विषमज्वराने गेला. मी जन्मलो तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. त्याचा फोटो नाही, शाळेचा दाखला नाही, काही नाही. शास्त्र याबाबत काटेकोर बोलते. मुंज झाली, सोडमुंज व्हायची राहिली आणि मुलगा गेला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो. आमच्या घरात इतके बारकावे कोणी पाहत नव्हते. बोहल्यावर चढायच्या आत गेलेला पोरगा, तो मुंजा. यावल तालुक्यात माझे आजोळ. मामांच्या मळ्यात विहिरीजवळ पिंपळ आहे आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड. तो मुंजोबा. असे मुंजोबे आमच्या भागात कितीतरी विहिरींवर आणि बांधांवर बसलेले आहेत. त्याच तालुक्यात अट्रावलला मुंजोबाचे मोठे ठाणे आहे. माघात तिथे यात्रा भरते, लांबलांबून माणसे नवस फेडायला येतात, आणि देवाच्या जागी आपोआप अग्नी पेटतो अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्याला बाकीचा मुलूख भूत म्हणतो, त्याला आम्ही देव करून टाकला आहे.

माघ महिन्यात आई आजोळी जायची. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करून केळीच्या पानावर पिंपळाखाली वाढायची. पानाच्या कडेला दोन काचेच्या गोट्या ठेवायची. "त्याले गोट्यांचा नाद व्हता," एवढेच म्हणायची. मला त्या गोट्या हव्या असायच्या आणि मागायची हिंमत व्हायची नाही.

पडद्यावर त्या पोराला कोणीतरी 'गोट्या' म्हणून हाक मारली, तेव्हाच बहुधा मी उठलो असेन.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी भूतबित मानत नाही आणि 'मुंज्या' वाईट चित्रपट आहे असेही माझे म्हणणे नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपला मराठी माणूस. २०२२ मध्ये त्यांनी 'झोंबिवली' करून डोंबिवलीच्या रस्त्यांवर चालती मढी सोडली होती, ती कल्पनाही गमतीची होती. 'मुंज्या' वेगवान आहे, कोकणचा पाऊस त्यात छान दिसतो आणि आजीच्या भूमिकेत सुहास जोशी आहेत. त्या पडद्यावर असतात तोवर भीतीला माणसाचा चेहरा असतो. पण त्या गेल्या की उरते ते चेकाळलेले बाहुले. मुंजा हे एका पोराचे भूत आहे, ही गोष्ट लिहिणाऱ्यांनी पहिल्या वीस मिनिटांत वापरली आणि मग विसरून गेले. अकरा वर्षांचे लेकरू मेले की घरात काय होते, याची भीती कोणत्याही दातांपेक्षा मोठी असते. तिच्याकडे कॅमेरा वळलाच नाही.

त्या दिवशी माझ्या हातून मात्र एक चूक झाली. परतताना रिक्षात मी नातवाला माझ्या त्या न पाहिलेल्या भावाची गोष्ट सांगितली. मला वाटले, पोराला घरातली एक जुनी आठवण कळेल. रात्री अंथरुणावर त्याने हळूच विचारले, "आबा, मग तुमचा दादापण तसाच झाला असेल?" मी हसून नाही म्हणालो, पण ते हसू काही त्याला पटले नाही. येत्या रविवारी आम्ही सगळे आजोळी मळ्यात जाणार होतो. रविवारी सकाळी त्याचे पोट दुखायला लागले. पुढच्या दिवाळीत पुन्हा मळ्याचा विषय निघाला तेव्हा पुन्हा दुखले. लेक माझ्यावर रागावली. तिचे बरोबरच होते.

तेव्हापासून भयपट पाहताना मी एक प्रश्न विचारायला लागलो आहे. हे भूत कोणाचे?

आमच्या तरुणपणी हा प्रश्न पडायचाच नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराशेजारी तंबूतले टॉकीज लागायचे. जमिनीवर बसून, थंडीत घोंगडी पांघरून आम्ही सिनेमे पाहिले. रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा, 'पुराना मंदिर' १९८४ चा, 'वीराना' १९८८ चा. त्यात जुनी हवेली, करकरणारे दार, धुराचा लोट आणि वेळीअवेळी गाणे. ती भुते कोणाचीच नसत. ती अंगावर यायची आणि शेवटी त्रिशूळ पाहून जळायची. घरी जाताना भीती वाटायची ती मात्र तापीकाठच्या अंधाराची. पुढे १९९३ मध्ये महेश कोठाऱ्यांनी 'झपाटलेला' आणला. बाहुलीत शिरलेला गुंड तात्या विंचू. कल्पना विलायती होती, पण बाहुली घडवली होती रामदास पाध्यांनी आणि तात्या विंचू रंगवला दिलीप प्रभावळकरांनी. माझ्या लेकीने त्यानंतर कपाटावरची बाहुली कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आता ती माझ्यावर रागावते!

अलीकडच्या भयपटांत माझ्या प्रश्नाला नेमके उत्तर देणारा एकच, 'तुंबाड'. तो पहिल्यांदा २०१८ मध्ये आला तेव्हा माझ्या नजरेतून निसटला. माझ्यासारखे बरेच असावेत, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. प्रौढांसाठीचा म्हणून नातवाला घरी ठेवून एकटा गेलो. राही अनिल बर्वे यांचे दिग्दर्शन, नारायण धारपांच्या कथेची छाया आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ, अखंड पाऊस, पडका वाडा आणि देवीचा थोरला, हावरा मुलगा हस्तर. त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. विनायकराव कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्या कमरेच्या सोन्याच्या मोहरा पळवतो, आणि मग हीच कला स्वतःच्या मुलाला शिकवतो. बाप लेकाला चोरीचे धडे देतो ते प्रसंग पाहताना मला हस्तरची नव्हे, त्या बापाची भीती वाटली. आयुष्य नोटा मोजण्यात गेले आहे माझे. बाप-लेक बँकेच्या काउंटरवर वाटणीवरून एकमेकांचे गळे धरताना पाहिले आहेत. हस्तर कोणाचे भूत आहे, हे मला कोणी सांगायला नको.

दुसरा 'लपाछपी'. विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी चित्रपट, पुढे त्यांनीच २०२१ मध्ये तो 'छोरी' नावाने हिंदीत केला. उसाच्या फडातले एकाकी घर, दिवस भरत आलेली पूजा सावंत, गोड बोलणारी उषा नाईकची तुळसाबाई आणि उसाच्या सऱ्यांतून लपंडाव खेळणारी मुले. ती मुले कोण, याचे उत्तर जळगाव जिल्ह्याच्या प्रेक्षकाला टोचल्याशिवाय राहू नये. २०११ च्या जनगणनेत मुलींची संख्या ज्या जिल्ह्यांत काळजी वाटावी इतकी घसरलेली दिसली, त्यांत आपण होतो. नको म्हणून मारलेल्या पोरींची ती भुते. हा चित्रपट मी लेकीबरोबर पाहिला. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

'स्त्री २' ने १५ ऑगस्ट २०२४ ला येऊन सगळे विक्रम मोडले. अमर कौशिक यांचे दिग्दर्शन, चंदेरी गाव, शीर हातात घेऊन फिरणारा सरकटा. विनोद निम्मे कापले असते तर बरे झाले असते, असे माझे मत. नातवाचे मत नेमके उलटे. पण या चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या भागात जिला सारे गाव भीत होते, तीच दुसऱ्या भागात गावाच्या कामी येते, आणि राक्षस ठरतो तो शिकलेल्या, आपल्या मनाने वागणाऱ्या पोरींना पळवणारा पुरुष.

ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण आपला शेजार. धुळ्यातून १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, वरती सातपुडा, आणि तिथल्या पाड्यांवर एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवण्याची जुनी, जीवघेणी रीत. पोर आजारी पडले, गुरे मेली की बोट दाखवायचे ते बहुतेक एकट्या बाईकडे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिथे वर्षानुवर्षे खपले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा मुलखात केस मोकळे सोडलेली, उलट्या पायांची चेटकीण निव्वळ शिट्ट्या मिळवण्यासाठी पडद्यावर आणली की मला हसू येत नाही. पडदा विझल्यावर ती थिएटरातच राहत नाही.

आणखी एक तक्रार नोंदवून ठेवतो. मराठी भुते सगळी कोकणातच का राहतात? तुंबाड कोकणात, मुंजा कोकणात. आमच्याकडे पाऊस कमी म्हणून? संध्याकाळच्या वेळी केळीच्या बागेत एकटे शिरून पाहा. पान पानावर घासते, आत गारवा आणि काळोख, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. एवढी तयार जागा कोणा दिग्दर्शकाच्या नजरेला पडू नये, याचे नवल वाटते.

आता नातवाच्या प्रांतात शिरतो. अतिमानवांच्या चित्रपटांत मी बरीच वर्षे मुकाट्याने पॉपकॉर्न खाल्ले आहे. २०१९ चा 'एंडगेम' पाहताना तो सात वर्षांचा पोर ढसाढसा रडला होता आणि मी मात्र घड्याळ पाहत होतो. माझी अडचण साधी आहे. जो मरणारच नाही, त्याची काळजी काय म्हणून करायची? जुलै २०२५ मध्ये जेम्स गन यांचा नवा 'सुपरमॅन' आला. सुरुवातीलाच हा बलदंड गडी मार खाऊन बर्फात आपटतो आणि त्याचा कुत्रा त्याला ओढत घरी नेतो. मी खूश झालो. नातू नाराज. "आबा, सुपरमॅन हरत नसतो!" मी त्याला सांगितले की या सुपरमॅनला १९३८ मध्ये जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलंडचे दोन फाटके तरुण होते आणि त्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकून टाकले. हरणे काय असते, ते त्या दोघांना चांगले ठाऊक होते.

त्याला ते पटेना, म्हणून मी त्याला मालेगावला नेले. म्हणजे घरच्या टीव्हीवरच. धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवरचे हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद आणि थिएटर तुडुंब, अशी तिथली रीत. नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने तिथे 'मालेगाव के शोले' काढला आणि मग थेट सुपरमॅनला हात घातला. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये केलेल्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हा सगळा खटाटोप आहे. सायकलवर कॅमेरा, क्रेनच्या जागी बैलगाडी, उडण्याची दृश्ये घ्यायला ट्रकला बांधलेला हिरवा पडदा. आणि सुपरमॅन कोण, तर शफीक नावाचा यंत्रमाग कामगार, एवढा किडकिडीत की वाऱ्याने उडावा. चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे. त्याचा शत्रू परग्रहावरचा नाही, गावात घाण आणि तंबाखू पसरवणारा आहे. रीमा कागती यांनी याच मंडळींवर केलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. आदर्श गौरव त्यात नासिर झाला आहे आणि शशांक अरोरा शफीक. घटनाक्रम त्यांनी आपल्या सोयीने फिरवला आहे, पण गावाची चेष्टा कुठे केलेली नाही.

नातू आधी पोट धरधरून हसला. नाडी पाहून तर लोळला. मग मी सांगितले की हा शफीक खरा माणूस होता आणि माहितीपट थिएटरांत लागण्याआधीच कर्करोगाने गेला. पोराने टीव्हीचा आवाज बंद केला. "खरंच मेला? म्हणजे खरोखरचा?"

"खरोखरचा."

"मग आता त्याला बघून हसायचं का नाही?"

मी म्हणालो, त्याने लोकांना हसवायलाच केले होते, हसायचे. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग आवाज सुरू करून त्याने उडण्याचा तो प्रसंग पुन्हा लावला आणि पुन्हा हसला, पण या वेळी जरा हळू.

त्याच वर्षी आणखी दोन चित्रपटांनी माझे काम सोपे केले. ऑगस्टमध्ये मल्याळम 'लोकाः' आला. केरळात जिच्या नावाने पोरे चळाचळा कापतात, त्या यक्षिणीला त्यांनी चक्क रक्षणकर्ती केले. कल्याणी प्रियदर्शन आजच्या बंगळुरूत दुष्टांना लोळवते. आणि सप्टेंबरात 'दशावतार'. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. पुन्हा कोकणच, पण या वेळी क्षमा केली. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी नट झाले आहेत. दृष्टी अधू होत चाललेली. मुलगा गमावल्यावर हा बाबुली एकेक अवतार अंगावर चढवून जमीन ओरबाडणाऱ्यांसमोर उभा राहतो. उत्तरार्धात कथा थोडी भरकटते, सूड जरा फार सोपा होतो. पण तो म्हातारा तोंडाला रंग लावतो तेव्हा थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "हाच तात्या विंचू होता," असे मी नातवाच्या कानात सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. 'लोकाः' पाहून परतताना तो एकदम म्हणाला होता, "आबा, म्हणजे भूत आपल्या बाजूचं पण असतं?" मी म्हणालो, आमच्याकडे असते. विहिरीवर बसून मळा राखते.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याचे पोट दुखले नाही. आम्ही आजोळी गेलो. मामा केव्हाच गेले, मळा आता मामेभाऊ पाहतो. केळीच्या बागेतून वाट काढत विहिरीशी पोचलो. पिंपळ भलताच वाढला आहे, मुळ्यांनी दगड अर्धा गिळला आहे. वहिनीने डब्यात बट्टी आणि वांग्याची भाजी दिली होती. मी पान मांडले.

नातू जरा लांबच उभा होता. चपला काढलेल्या, पण पुढे यायला तयार नाही.

"किती वर्षांचा होता तो?"

"अकरा."

त्याने मनाशी हिशोब केला. "म्हणजे मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा." मग पुढे येऊन उकिडवा बसला. पानावरच्या बट्टीचे लहान तुकडे केले, त्यावर वरण ओतले आणि तूप कुठे आहे म्हणून मला विचारले. तूप आणायचे राहिले होते. त्यावरून त्याने वहिनीला घरी गेल्यावर चांगलेच सुनावले.